तेरेखोलच्या दोन काठांवर : एका देशातील दोन वारसा कायदे

१.
तेरेखोल नदी सह्याद्रीतून निघून अरबी समुद्राकडे जाते आणि शेवटच्या टप्प्यात महाराष्ट्र व गोवा यांच्यामधील सीमा बनते. उत्तर काठावर सावंतवाडी तालुक्यातील आरोंदा, दक्षिण काठावर पेडणे तालुक्यातील किरणपाणी आणि दोहोंना जोडणारा पूल. दोन्हीकडची बोली जवळची, दशावतार तोच, सोयरिकी तर पिढ्यान्‌पिढ्यांच्या. तरीही "नवरा वारल्यावर घर कोणाचे?" या प्रश्नाचे उत्तर दोन काठांवर वेगळे मिळते. एकाच देशात, एकाच राज्यघटनेखाली असे का घडते, त्याचा हा इतिहास.

२.
आधी फरक आकड्यांत पाहू. दोन्ही काठांवर एकेक हिंदू कुटुंब आहे, असे समजा. घरात पती, पत्नी, एक मुलगा, एक मुलगी. पतीची आई हयात नाही. विवाहानंतर पतीने स्वकष्टाने मिळवलेली ४० लाख रुपयांची मालमत्ता त्याच्याच नावावर आहे. मृत्युपत्र न करता तो वारला.

आरोंद्यात १९५६चा हिंदू उत्तराधिकार कायदा लागू होईल. पत्नी, मुलगा आणि मुलगी समान वारस. प्रत्येकी सुमारे १३ लाख ३३ हजार.

किरणपाणीत हिशेबाची सुरुवातच वेगळी. विवाहापूर्वी दोघांनी वेगळा करार केला नसेल, तर ४० लाखांपैकी २० लाख मुळातच पत्नीचे. ती ते वारसाहक्काने घेत नाही. ते आधीपासून तिचेच होते. पतीचे २० लाख मुलगा आणि मुलगी यांच्यात समान, प्रत्येकी १० लाख.

३.
आता त्याच पतीने मृत्युपत्र करून सर्व काही मुलाला लिहून दिले, असे धरा.

आरोंद्यात ते चालेल. स्वकष्टार्जित मालमत्ता हिंदू पुरुष कोणालाही देऊ शकतो. पत्नीला पोटगी मागता येईल, पण मालकीचा हिस्सा मागता येणार नाही. मुलीच्या वाट्याला शून्य.

किरणपाणीत पत्नीच्या २० लाखांना त्या मृत्युपत्राचा स्पर्शही होणार नाही. स्वतःच्या २० लाखांपैकीही तो फक्त निम्म्याची, म्हणजे १० लाखांची, इच्छेनुसार विल्हेवाट लावू शकतो. उरलेले १० लाख अपत्यांचा राखीव हिस्सा. मुलीला किमान ५ लाख मिळणारच.

मृत्युपत्र नसेल तेव्हा मुलीला आरोंद्यात अधिक मिळते, हेही ध्यानात ठेवावे. गोव्याचा कायदा प्रत्येक वेळी अधिक देतो असे नाही. मात्र काही गोष्टी तो कोणालाही हिरावून घेऊ देत नाही.

४.
हा फरक मातीतला किंवा संस्कृतीतला असावा, असे कोणी म्हणेल. पण पेडणे महाल १७८८पर्यंत सावंतवाडीकर भोसल्यांच्याच राज्यात होता. दोन्ही काठांवर तोवर एकच सत्ता आणि एकच रूढी होती.

उलट, तेरेखोलचा किल्ला नदीच्या उत्तर काठावर असूनही आज गोव्यात आहे. १७४६मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय मार्क्विस ऑफ अलोर्ना याने तो सावंतांकडून जिंकला. गोव्याचा कायदा तेवढ्यापुरता नदीच्या अलीकडे येतो.

कायद्याची सीमा नदीने आखली नाही. कोणता प्रदेश, कोणत्या वर्षी, कोणत्या कागदान्वये कोणत्या सत्तेकडे गेला, यावरून ती ठरली.

५.
१५१०मध्ये आफोन्सो द आल्बुकेर्क याने विजापूरच्या आदिलशाहीकडून गोवा घेतला. सतीची चाल त्याने बंद केली, परंतु गावगाड्याला फारसा हात लावला नाही. सारा वसूल करणारी, बांध सांभाळणारी आणि देवळांचा खर्च चालवणारी व्यवस्था गावकरी मंडळांच्या हाती होती. ती मोडली असती तर तिजोरीच आटली असती.

१५२६मध्ये आफोन्सो मेशिया याने या गावकऱ्यांचे हक्क व रूढी लेखी स्वरूपात नोंदवून घेतल्या. हाच तो प्रसिद्ध 'फोराल'. राज्यकर्त्यांनी स्थानिक रूढीला स्वतःच्या कागदावर आणले, की ती त्यांच्याच मान्यतेवर अवलंबून राहते. ज्याने लिहून घेतले, तो उद्या बदलूही शकतो.

६.
बदल लवकरच आला. सोळाव्या शतकाच्या मध्यापासून तिसवाडी, बार्देश व साष्टी या जुन्या काबिजादीत धर्मसत्तेचा दबाव वाढला. १५५९च्या राजाज्ञेने अनाथ हिंदू मुलांना ख्रिस्ती संस्थांच्या ताब्यात देण्याची तरतूद केली. १५६०मध्ये इन्क्विझिशन स्थापन झाले. मधला अल्प खंड सोडता ते १८१२पर्यंत टिकले.

आज ज्या गोव्याचा उल्लेख 'सर्वांना एकच कायदा' असा होतो, त्याच भूमीवर या काळात माणसाचे हक्क त्याच्या धर्मावरून ठरत होते. गोव्याच्या नागरी कायद्याचे गोडवे गाताना हा भाग गाळला जातो. तो गाळून चालणार नाही.

७.
अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगिजांनी फोंडा, सांगे, केपे, काणकोण, डिचोली, सत्तरी आणि पेडणे हे प्रदेश मिळवले. या 'नव्या काबिजादी' झाल्या. तोवर लिस्बनमधील वारे बदलले होते, मराठ्यांचे व सावंतांचे सामर्थ्य शेजारीच होते आणि नव्या प्रजेत हिंदूंचे मोठे बहुमत होते. इथल्या लोकांचा धर्म आणि रीतिरिवाज अबाधित राखण्याचे धोरण राज्यकर्त्यांनी स्वीकारले.

परिणामी, गोव्याच्या आतच दोन कायदेशीर मुलूख तयार झाले. जुन्या काबिजादीत एक रीत, नव्या काबिजादीत दुसरी. प्रादेशिक भिन्नता ही दोन राज्यांमधली गोष्ट होण्यापूर्वी ती एका लहानशा वसाहतीच्या पोटात होती.

८.
त्याच सुमारास ब्रिटिश वेगळ्या वाटेने चालले होते. १७७२मध्ये वॉरन हेस्टिंग्जने बंगालसाठी नियम केला : वारसा, विवाह, जात व धार्मिक रूढी यांबाबत हिंदूंना शास्त्राप्रमाणे आणि मुसलमानांना कुराणाप्रमाणे न्याय द्यावा.

पण शास्त्र कोणते? बंगालात जीमूतवाहनाचा 'दायभाग' प्रमाण होता. त्यानुसार वडील असेपर्यंत मालमत्ता वडिलांची. मुलांचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतर. उर्वरित बहुतेक हिंदुस्थानात विज्ञानेश्वराची 'मिताक्षरा' चाले. तिच्यानुसार वडिलार्जित मालमत्तेत मुलाला जन्मतःच हक्क. एकत्र कुटुंबातील पुत्रहीन विधवेला पतीचा वाटा दायभागात हयातीपुरता तरी मिळे. मिताक्षरेत तो वाटा दिराच्या आणि पुतण्यांच्या हाती जाई.

एकच धर्म, एकच सरकार. तरीही विधवेचे नशीब ती कोलकात्यात आहे की काशीत, यावर अवलंबून.

९.
मुंबई इलाख्यात आणखी एक छटा होती. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या काळातील १८२७च्या चौथ्या रेग्युलेशनने न्यायाधीशांना क्रम घालून दिला : आधी पार्लमेंटचे व सरकारचे कायदे, मग त्या मुलखाची वहिवाट, त्यानंतर प्रतिवादीचा धर्मशास्त्रीय कायदा आणि शेवटी न्याय, समता व सद्‌विवेक. वहिवाटीला शास्त्राच्या आधीचे स्थान देणारी ही मांडणी पुढे फार महत्त्वाची ठरली.

ग्रंथांपैकी गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकण येथे 'व्यवहारमयूख' अग्रगण्य मानला गेला. त्याचा कर्ता नीळकंठ भट्ट सतराव्या शतकात काशीत राहिला. घराणे मूळचे पैठणचे. बाकी महाराष्ट्रात मिताक्षरा प्रथम, मयूख दुय्यम. या परंपरेमुळे मुंबई इलाख्यात बहीण वारसांच्या यादीत बरीच वर होती आणि वारस म्हणून आलेल्या मुलीला पूर्ण मालकी मिळे. बंगालात तिला केवळ हयातीपुरता उपभोग होता.

१०.
थोडक्यात, ब्रिटिशांनी माणसाला त्याचा धर्म, पंथ आणि प्रांत विचारून कायदा दिला. पोर्तुगिजांनी एकोणिसाव्या शतकात उलटी दिशा घेतली. आधी सर्वांसाठी एक संहिता लिहिली आणि नंतर तिला अपवाद जोडले.

ही संहिता म्हणजे १८६७ची पोर्तुगीज नागरी संहिता. तिचा मुख्य शिल्पकार आंतोनियो लुईस द सियाब्रा. युरोपभर नेपोलियनच्या नागरी संहितेचा प्रभाव होता. जन्म, विवाह, मालमत्ता, करार, वारसा हे सारे एका ग्रंथात, क्रमवार कलमांत बांधावे, ही त्या काळाची आकांक्षा. १८६९च्या हुकमाने ती सागरापारच्या प्रांतांना लागू झाली आणि १ जुलै १८७०पासून गोव्यात अमलात आली.

११.
या संहितेतील दोन तत्त्वे गोव्याच्या समाजावर खोल परिणाम करणारी ठरली.

पहिले, मालमत्तेची समाईकी. विवाहापूर्वी वेगळा करार नसेल तर दोघांची आधीची आणि नंतरची सर्व मालमत्ता एक होते आणि त्यात प्रत्येकाचा निम्मा हिस्सा असतो. दुसरे, अपत्यांचा राखीव हिस्सा, ज्यात मुलगा-मुलगी असा भेद नाही. कायद्याने सांगितलेल्या मोजक्या कारणांखेरीज आईवडील अपत्याला बेदखल करू शकत नाहीत.

पण हीच संहिता पत्नीवर पतीची आज्ञा पाळण्याचे कर्तव्य लादत होती. लेखिका असलेल्या पत्नीला पतीच्या संमतीशिवाय स्वतःचे लेखन प्रसिद्ध करता येत नव्हते. निम्म्या घराची मालकीण, पण स्वतःच्या शब्दांची नाही! एकोणिसाव्या शतकातील उदारमतवादाची मर्यादा या दोन कलमांत पुरती दिसते.

१२.
नव्या काबिजादीतील रूढींचे काय झाले? संहिता लागू करतानाच स्थानिक रीतिरिवाजांना जागा ठेवली होती. १६ डिसेंबर १८८०च्या हुकमाने गोव्यातील हिंदूंच्या रूढींची स्वतंत्र संहिता तयार झाली. पोर्तुगीज कागदपत्रांत हिंदूंना 'जेंतू' म्हणत.

तिच्यात हिंदू पुरुषाला विशिष्ट परिस्थितीत दुसरा विवाह करण्याची मुभा होती. पहिल्या पत्नीला वयाच्या २५व्या वर्षापर्यंत मूल न झाल्यास. किंवा तिला ३० वर्षे पूर्ण होऊनही मुलगा नसल्यास. या दोन्ही बाबतींत पहिल्या पत्नीची संमती आवश्यक होती. ती संमती कोणत्या दबावाखाली दिली जाई, हे कागदाने विचारले नाही.

समान नागरी कायद्याच्या वादात ही तरतूद आजही वारंवार पुढे केली जाते. एका संहितेच्या छत्राखाली अपवाद कसा शिरतो, याचे ते नमुनेदार उदाहरण आहे.

१३.
५ ऑक्टोबर १९१० रोजी पोर्तुगालमध्ये राजेशाही उलथून प्रजासत्ताक आले. त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला घटस्फोटाचा आणि २५ डिसेंबरला विवाहाचा नवा कायदा झाला. विवाह हा नागरी करार ठरला, पत्नीचे आज्ञापालनाचे कर्तव्य गेले. १९११मध्ये हे कायदे गोव्यात पोहोचले.

सीमेच्या अलीकडे काय स्थिती होती? बडोदा संस्थानात सयाजीराव गायकवाडांनी हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला तो १९३१मध्ये. मुंबई प्रांताने हिंदूंच्या द्विभार्या विवाहाला १९४६मध्ये बंदी केली आणि घटस्फोटाचा कायदा १९४७मध्ये आणला. लिस्बनमधील एका क्रांतीमुळे म्हापशातील स्त्रीला जे मिळाले, त्यासाठी मुंबई प्रांतातील स्त्रीला आणखी तीन तपे थांबावे लागले. गोव्यात त्यासाठी कोणतेही मोठे जनआंदोलन झाले नव्हते, हेही नोंदवायला हवे. जो कायदा आपण मागितलेला नसतो, तो आपला म्हणून अंगवळणी पडायला वेळ लागतो.

१४.
२३ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत समान नागरी कायद्याच्या कलमावर जोरदार चर्चा झाली. अखेर ते मार्गदर्शक तत्त्वांत, कलम ४४ म्हणून स्थिरावले. त्या दिवशी गोवा भारतात नव्हता. ज्या गोष्टीवर दिल्लीत वाद चालला होता, तिचा एक नमुना शेजारच्या परकीय वसाहतीत आधीच चालू होता.

सावंतवाडी संस्थान मात्र १९४८मध्येच मुंबई प्रांतात विलीन झाले. त्यामुळे १९५५-५६मध्ये संसदेने हिंदू विवाह, उत्तराधिकार, दत्तक व पोटगी यांचे कायदे केले, तेव्हा आरोंदा त्यांच्या कक्षेत आले. ज्या हिंदू कोड बिलाच्या रखडण्यावरून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५१मध्ये मंत्रिपद सोडले, त्याचेच हे तुकड्यातुकड्यांनी आलेले रूप. दायभाग, मिताक्षरा, मयूख यांतील बरेचसे अंतर या कायद्यांनी मिटवले. किरणपाणी अजून सालाझारच्या पोर्तुगालमध्ये होते.

१५.
डिसेंबर १९६१मध्ये भारतीय सैन्याने गोवा मुक्त केला. पोर्तुगीज गव्हर्नर जनरलने १९ तारखेला शरणागती दिली. पुढचा प्रश्न व्यावहारिक होता : दुसऱ्या दिवशी सकाळी न्यायालयात कोणता कायदा चालणार?

उत्तर १९६२च्या गोवा, दमण व दीव प्रशासन कायद्याच्या पाचव्या कलमाने दिले. मुक्तीपूर्वी लागू असलेले सर्व कायदे, सक्षम विधिमंडळ किंवा अधिकारी ते बदलेपर्यंत वा रद्द करेपर्यंत, चालू राहतील. सत्तांतराच्या वेळी पोकळी राहू नये म्हणून अशी तात्पुरती तरतूद जगभर करतात. ती तात्पुरतीच असते, असे सारे धरून चालतात.

१६.
त्यानंतर दंड संहितेसह अनेक भारतीय कायदे गोव्याला लागू झाले. पण हिंदू विवाह कायदा, हिंदू उत्तराधिकार कायदा आणि १९३७चा शरियत कायदा गोव्यापर्यंत नेण्यात आले नाहीत. कुटुंब आणि वारसा यांपुरती जुनी पोर्तुगीज संहिता चालू राहिली. दमण व दीवमध्येही तसेच झाले.

इकडे खुद्द पोर्तुगालने नवी नागरी संहिता तयार केली आणि जून १९६७पासून १८६७ची संहिता मोडीत काढली. पुढे १९७०च्या दशकात तिथल्या कुटुंबकायद्यात आणखी मोठे बदल झाले. जन्मभूमीत कालबाह्य ठरलेला कायदा भारताच्या एका कोपऱ्यात जिवंत राहिला. आणि ३० मे १९८७ रोजी गोवा घटक राज्य झाल्यावरही तो पुढे चालला.

१७.
रोजच्या व्यवहारात हा कायदा कुठे दिसतो?

जमिनीच्या खरेदीखतावर. विवाहित गोंयकार जमीन विकतो तेव्हा पती आणि पत्नी दोघांची सही लागते, 'एक-चौदा'च्या उताऱ्यावर नाव एकाचेच असले तरी. सीमेच्या अलीकडे सातबाऱ्यावर ज्याचे नाव, सही त्याची. कारभार पाहण्याचा अधिकार जुन्या संहितेने पतीकडे ठेवला होता. पण स्थावर मालमत्ता पत्नीच्या संमतीविना विकण्याचा अधिकार त्यालाही दिला नाही.

आयकराच्या विवरणपत्रातही. आयकर कायद्यानुसार, या संहितेखाली येणाऱ्या दांपत्याचे पगाराखेरीजचे उत्पन्न दोघांत निम्मे-निम्मे वाटून मोजले जाते. देशभरच्या करदात्यांना विवरणपत्र भरताना पोर्तुगीज नागरी संहितेविषयीचा एक प्रश्न दिसतो आणि बहुतेक जण तो नवलाने वाचून पुढे जातात. त्याचे मूळ इथे आहे.

१८.
वाटणीची पद्धतही निराळी. मृत्यूनंतर 'इन्व्हेंटरी' नावाची न्यायालयीन प्रक्रिया होते. घराचा कारभारी, बहुधा मागे राहिलेला जोडीदार, सर्व वारसांची आणि सर्व मालमत्तेची यादी शपथेवर देतो. मूल्यांकन होते. एखादे घर किंवा बागायत तोडून वाटण्यासारखी नसेल, तर वारस आपसांत बोली लावतात. ज्याची बोली मोठी त्याच्याकडे ती वस्तू जाते आणि बाकीच्यांना त्यांच्या हिश्श्याचे पैसे मिळतात.

यात एक गोष्ट ठळक आहे : मुलीचे नाव यादीत आपोआप येते. तिला दावा घेऊन दारात उभे राहावे लागत नाही. तिला वगळायचे असेल तर वगळणाऱ्याला काही करावे लागते. वारसा आणि इन्व्हेंटरी यांविषयी गोवा विधानसभेने केलेला २०१२चा कायदा २०१६मध्ये अमलात आला. त्याने जुन्या संहितेतील संबंधित भागाची जागा घेतली. निम्म्या हिश्श्याची आणि राखीव वाट्याची तत्त्वे मात्र कायम ठेवली.

१९.
हा कायदा जमिनीला चिकटलेला आहे की माणसाला? मुंबईशी गोव्याचे नाते पाहता हा प्रश्न येणारच होता. पिढ्यान्‌पिढ्या गोंयकार मुंबईत नोकरी करत आले, इथे घरे घेतली, इथेच मृत्युपत्रे केली.

असेच एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे गेले. मूळ गोव्याच्या एका व्यक्तीने मुंबईतील मालमत्ता मृत्युपत्राने एका मुलीला दिली होती. इतर वारसांचा राखीव हिस्सा या मालमत्तेला लागू होतो की नाही, हा वाद. सप्टेंबर २०१९मध्ये न्यायालयाने निर्णय दिला : ज्याचा अधिवास गोव्याचा, त्याच्या भारतात कुठेही असलेल्या मालमत्तेचा वारसा गोव्यात लागू असलेल्या संहितेनुसारच ठरेल. ही संहिता मूळची परकीय असली, तरी भारतीय संसदेच्या कायद्याने ती चालू ठेवली असल्यामुळे ती आता भारतीय कायदाच आहे.

म्हणजे आरोंद्याच्या माणसाने पेडण्यात घर घेतले म्हणून त्याला गोव्याचा वारसा कायदा लागत नाही. आणि पेडण्याच्या माणसाने दादरला घर घेतले म्हणून तो सुटत नाही. हा कायदा माणसाबरोबर पूल ओलांडतो.

२०.
त्याच निकालात न्यायालयाने गोव्याचा उल्लेख देशापुढील उदाहरण म्हणून केला. पण 'समान' हा शब्द जपून वापरायला हवा.

१८८०च्या हिंदू रूढींच्या संहितेचा उल्लेख वर आलाच. कॅथलिक विवाहांसाठी १९४६च्या हुकमाने चर्चविधीची स्वतंत्र वाट ठेवली. आणि सर्वांत जुनी विषमता गावगाड्यात आहे. १५२६च्या फोरालमध्ये नोंदवलेली गावकरी मंडळे आज 'कोमुनिदाद' म्हणून अस्तित्वात आहेत. त्यांची अखेरची पोर्तुगीज संहिता १९६१ची. त्यांतील गावकारपण पुरुषांच्या वंशातून चालते. वडिलांच्या घरात मुलीचा वाटा भावाइतका, पण वडिलांच्या गावकीत तिला तो वाटा नाही. एकाच घरात, एकाच पोर्तुगीज वारशातून आलेले हे दोन कायदे शेजारी शेजारी नांदतात.

२१.
कागदावरचा हक्क हातात पडतोच, असेही नाही. ही संहिता पोर्तुगीज भाषेत होती. मुक्तीनंतर वाढलेल्या पिढ्या मराठी, कोंकणी, इंग्रजी शिकल्या. पोर्तुगीज मागे पडली. अगदी अलीकडेपर्यंत या संहितेचा अधिकृत इंग्रजी अनुवादही उपलब्ध नव्हता. आपल्यावर लागू असलेला कायदा सामान्य माणसाला वाचताच येत नसे.

शिवाय सहीचा हक्क हाच दबावाचाही मार्ग होतो. महाराष्ट्रात बहिणीकडून हक्कसोडपत्र घेतले जाते. गोव्यात नोटरीपुढे वारसाहक्क सोडल्याचा दस्त होतो. दोन्हीकडे कारण एकच सांगितले जाते : माहेर तुटू नये. महाराष्ट्राने १९९४मध्ये आणि संसदेने २००५मध्ये मुलीला वडिलार्जित मालमत्तेत जन्मतः हक्क दिला, तेव्हा दोन काठांमधले अंतर बरेच कमी झाले. हक्कसोडपत्रे मात्र थांबली नाहीत.

२२.
गोवा हा एकटा अपवाद नाही. पुद्दुचेरीत १८८१च्या फ्रेंच हुकमान्वये ज्यांनी आपला वैयक्तिक कायदा सोडून फ्रेंच नागरी कायदा स्वीकारला, त्यांच्या वंशजांचा 'रनोन्सां' हा वर्ग वेगळा मानला जातो. नागालँड व मिझोरममध्ये घटनेच्या कलम ३७१अ आणि ३७१ग नुसार, विधानसभेच्या संमतीविना संसदेचे कायदे तेथील रूढीच्या कायद्यांना व जमिनीच्या मालकीला लागू होत नाहीत. मेघालयातील खासी समाजात वडिलोपार्जित घर धाकट्या मुलीकडे जाते. जम्मू-काश्मीरची स्वतंत्र दंड संहिता २०१९पर्यंत होती. उत्तराखंडचा समान नागरी कायदा जानेवारी २०२५मध्ये अमलात आला.

या प्रत्येकामागे एक तारीख आणि एक कागद आहे : तह, विलीनीकरण, करार किंवा विधेयक.

२३.
म्हणून "गोव्यात समान नागरी कायदा आहे, मग देशात का नाही?" हा प्रश्न जितक्या सहज विचारला जातो, तितका सोपा नाही, आणि "तो वसाहतवादाचा अवशेष आहे, टाकून द्या" हे उत्तरही तितकेच उथळ आहे. १५२६चा फोराल, १८६७ची संहिता, १८८०चा अपवाद, १९१०ची क्रांती, १९६२चे पाचवे कलम आणि २०१२चा विधानसभेचा कायदा असे थरावर थर चढून तो बनला आहे. त्यातील काही थर न्यायाचे आहेत, काही सोयीचे, काही सरळ अन्यायाचे.

एखाद्या प्रदेशाचा कायदा जोखायचा असेल तर तो कोणी आणला, यापेक्षा तो कोणाची सही अनिवार्य करतो, हे आधी पाहावे. किरणपाणीच्या खरेदीखतावर पत्नीच्या सहीसाठी एक ओळ राखलेली असते. ती ओळ परकीय सत्तेने आखली, हे खरे. आरोंद्याच्या खरेदीखतावर, सातबारा एकट्या पतीच्या नावावर असेल तर, ती ओळ अजूनही नसते, हेही तितकेच खरे.